गुंडी आणि काज यांच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शिवणकाम, सगळ्या गल्लीला 'टेलरबाई' म्हणून ठाऊक असलेली, हे मृत्युपत्र माझ्या दुकानात बसून माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर "म्हातारीला भ्रम झाला होता" असे म्हणायला काही माणसे आतापासूनच टपून बसली आहेत. अशा कागदात "कोणाच्याही दबावाखाली न येता" असे लिहायची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही. माझ्यावर दबाव आहे, आणि तो हा कागद न लिहिण्यासाठी आहे. त्याला न जुमानता लिहिते आहे, एवढे नमूद करते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचा दुसरा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा.

१. माझी माणसे

माझे यजमान वारले. मुलगा एकच. तो आमच्या प्रार्थनागृहातल्या प्रवचनकारांची गाडी चालवतो. त्याची बायको, म्हणजे माझी सून, त्यांचे वेगळे घर सांभाळते आणि फार कमी बोलते. त्यांना दोन मुली. थोरली चौदा वर्षांची. रांगती असताना माझ्या डब्यातली बटणे तोंडात घालायची, म्हणून ती 'गुंडी'; पुढे वागायलाही गुंडीच निघाली. धाकटी नऊ वर्षांची, सदा थोरलीला चिकटलेली, म्हणून ती 'काज'. शाळेत त्यांची वेगळी, छान नावे आहेत. इथे मी घरातलीच लिहिते. ज्यांना कळायला हवे त्यांना कळेल.

माझी मैत्रीण नर्सबाई हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. ती दवाखान्यातून निवृत्त झाली आहे. दोन्ही नाती तिच्याच हातावर जन्मल्या, त्यामुळे त्यांच्या वयाबद्दल कोणी काहीही सांगितले तरी तिला विचारावे.

२. मिळकत आणि ती कशी आली

मिळकत म्हणजे हे दुमजली घर. खाली दुकान, रस्त्याकडे मोठी काच, मागे कापडाचे फडताळ आणि एक लहान खोली. वर राहायच्या दोन खोल्या. मधे उभा लोखंडी जिना. यजमानांनी हयातीतच हे माझ्या नावावर केले. त्यात मुलाचा किंवा आणखी कोणाचा हिस्सा नाही.

मी या घरात तेराव्या वर्षी आले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण होती, तिचेही लग्न त्याच दिवशी, त्याच मांडवात झाले. वडिलांना दोघींना एकाच खर्चात उजवायचे होते, असे लोक म्हणत. ते खरे नव्हते. वडील घाबरले होते. त्या वेळच्या प्रवचनकारांनी भर सभेत सांगितले होते की ज्या बापाच्या घरात मुलगी मोठी होते, त्याची प्रार्थना वर पोहोचत नाही. आई आजारी होती. वडिलांना वाटले, आपली हाक पोहोचत नाही म्हणूनच ती बरी होत नाही. आमची लग्ने झाली आणि आई त्याच महिन्यात गेली. हाक पोहोचायला उशीर झाला, असे वडिलांना सांगण्यात आले.

बहीण पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणात वारली. मी तिच्या उशाशी होते. सुईण बाहेर येऊन हात धूत म्हणाली, "पोरीच्या अंगात अजून जागाच नव्हती हो." नंतर प्रवचनकार आले आणि म्हणाले, "पुण्यवान होती, नवऱ्याच्या घरात गेली." वडिलांनी मान हलवली. ती मान हलताना मी पाहिली आहे, आणि त्या दिवसापासून मी माहेरी पाऊल ठेवले नाही.

माझे यजमान माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठे होते. त्यांनी मला कधी मारले नाही. कापायला, बेतायला, मशीन चालवायला त्यांनीच शिकवले, आणि माझे काम त्यांच्याहून सफाईदार झाले तेव्हा गिऱ्हाइकांसमोर तसे म्हणूनही दाखवले. लोक मला नशीबवान म्हणतात. मी नाही म्हणत नाही. पण या घरातले पहिले वर्ष मी दाराकडे तोंड करून झोपत होते, हेही कुठेतरी लिहिलेले असावे.

३. हा कागद लिहायची वेळ का आली

आत्ताचे प्रवचनकार आल्यापासून प्रार्थनागृहात दरवर्षी सामुदायिक लग्नसोहळा होतो. जेवण, कपडे, भांडी सगळे मंडळाचे. गरिबाला सोयीचे, म्हणून सुरुवातीला मीही नवरीमुलींचे पोशाख आनंदाने शिवले. पुढे पोशाख लहान होत गेले. गेल्या वर्षी एका नवरीची बाही मी माझ्या मनगटाला लावून पाहिली, ती चढेना. त्या वर्षी मी काम परत केले आणि सांगितले, "लहान मापे मी घेत नाही."

यंदा गादीवाल्याची बायको स्वतः आली. ती महिला मंडळाची प्रमुख. तागे आणि मापाच्या कपड्यांची गोणी टेबलावर ठेवून म्हणाली, "या वेळी सगळ्या मोठ्या मुली आहेत हं, टेलरबाई. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. रुसवा सोडा."

ती गेल्यावर मी गोणी उघडली. वरचे दोनतीन कपडे खरेच मोठ्या बायकांचे होते. खाली शाळेचे गणवेश होते. आणि अगदी तळाशी, घडी घालून, एक हिरवा झगा होता. आतल्या बाजूला पेन्सिलीसाठी चोरखिसा, खालची दुमड दोनदा उसवून लांब केलेली. तो खिसा मी लावला होता. ती दुमड मी उसवली होती. तो आमच्या गुंडीचा झगा होता.

मला माझ्या मुलाने काही सांगितले नव्हते. गादीवाल्याच्या बायकोने तो कोणाचा हे पाहिलेही नसेल. तिच्या लेखी ते एक माप. पण घडी सुनेची होती. ती बाह्या मागे दुमडते, तशी घडी दुसरे कोणी घालत नाही. गुंडीचा कुठलाही जुना कपडा पाठवला असता तरी माप मिळाले असते. तिने मला ओळखू येईल असाच पाठवला. कमी बोलणाऱ्या माणसाने एवढे मोठ्याने सांगितलेले मी कधी ऐकले नव्हते.

मी दुकानाला कुलूप घातले, शाळेत गेले आणि "घरी पाहुणे आलेत" म्हणून गुंडीला घेऊन आले. वाटेत तिने विचारले, "आजी, पाहुणे कोण?"

"अजून आले नाहीत," मी म्हटले. "यायच्या आत आपण निघू."

ती सध्या सुरक्षित आहे. कुठे आहे ते या कागदात लिहिलेले नाही, आणि शोधणाऱ्याने हा कागद पुन्हापुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये.

४. माझा मुलगा

तो त्याच संध्याकाळी आला. आवाज चढवला नाही. कापायच्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "आई, तिला दे."

"कोणाला द्यायचं ठरवलंयस?"

त्याने खाली बघत सांगितले. लाकडाच्या वखारीचा मालक. वय चौतीस. या माणसाची पहिली बायको सोळाव्या वर्षी त्याच्या घरात आली आणि सतराव्या वर्षी वखारीमागच्या पाण्याच्या टाकीत सापडली. पाय घसरून पडली, असे ठरले. मी तेव्हा ती टाकी जाऊन पाहिली होती. तिचा कठडा माझ्या छातीपर्यंत येतो.

"तुला ती टाकी माहीत आहे ना रे?" मी विचारले.

"लोक काहीही बोलतात."

"लोक काही बोलले नाहीत. एकही माणूस काही बोलला नाही, म्हणून तर विचारते."

मग त्याचा बांध फुटला. प्रार्थनेनंतर ज्यांच्या मुली 'राहिल्या आहेत' त्या बापांची नावे वाचतात, त्यात त्याचे नाव येऊ लागले होते. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची मुलगी वर्गातल्या मुलाबरोबर निघून गेली तेव्हा काय झाले, ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. "त्याच्या दुकानात हवा भरायला कोणी जात नाही, आई. त्याची आई गेली तर मयतीला चार माणसं जमली नाहीत. मी गाडीत बसून बघत होतो. गुंडी रस्त्यावरून चालली की बायका बोटं दाखवतात. उद्या काही झालं तर मी तोंड कुठं लपवू?"

"काय होईल?"

"काहीही होऊ शकतं."

"टाकीत पडू शकते," मी म्हटले.

तो निघून गेला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या आजोबांसारखाच तो घाबरलेला माणूस आहे, आणि घाबरलेल्या बापाने काय काय केलेले मी पाहिले, ते वर लिहिले आहे.

मुलाला मी घराचा कोणताही भाग देत नाही. कापायचे मोठे टेबल मात्र त्याला द्यावे. लहानपणी ताप आला की तो त्याच्यावर कापडाच्या ढिगात झोपायचा आणि मी बाजूला काम करायचे. गाडीची किल्ली परत करून तो एकटा या दारात आला, तर त्याला मागच्या खोलीत राहू द्यावे. गाडी घेऊन आला, तर दार उघडू नये.

५. प्रवचनकार

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, हातात फळांची पिशवी घेऊन. दिसायला साधे, बोलायला गोड. गाडी बाहेर उभी होती, इंजिन चालू. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्याने एकदाही दुकानाकडे पाहिले नाही.

"मुलगी कुठे आहे, टेलरबाई?"

"अभ्यास करते आहे."

"कुठे?"

"पुस्तकं आहेत तिथे."

ते हसले. "तुम्ही स्वतः तेराव्या वर्षी आलात. काय वाईट झालं तुमचं? घर आहे, धंदा आहे, मान आहे."

"माझ्या शेजारी माझी बहीणही उभी होती. तिचं काय झालं ते विचारा."

"तिची वेळ भरली होती. ते आपल्या हातात नसतं."

"लग्न तर तुमच्या हातात आहे. सरकारने वय ठरवलंय."

"सरकार इथं जगायला येत नाही, बाई. मरायलाही येत नाही. तेव्हा आम्हीच येतो." मग ते जिन्यापाशी गेले. कठड्यावर तळहात ठेवून त्यांनी तो जरासा हलवून पाहिला. "किती उभा आहे हो हा जिना! या वयात एकट्या चढता-उतरता. जपा."

फळांची पिशवी मी त्यांच्यासमोर गाडीत नेऊन ठेवली.

मी चौकीतही जाऊन आले. साहेबांनी तक्रार ऐकून घेतली, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सोहळ्याचं आमंत्रण मलाही आहे. येईन तेव्हा बघतो." त्यानंतर दुकानाची काच फुटली. कोणी पाहिले नाही; समोर सहा दुकाने आहेत. गिऱ्हाइके येऊन कपडे न शिवताच परत घेऊन गेली. कित्येक वर्षांची माणसे, "सध्या घाई नाही" म्हणाली. गल्लीत मी चालू लागले की पुढचे बोलणे थांबते आणि मी गेल्यावर पुन्हा सुरू होते.

६. घर

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की गुंडीचे किंवा काजचे लग्न एकवीस वर्षांआधी झाले तर तिचा हक्क जाईल आणि घर दवाखान्याला मिळेल. मला वाटले, घराच्या लोभाने तरी लग्न लांबवतील. नर्सबाईने ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे पोरीला ओढून नेली, लग्न लावलं, तर वर तिचं घरही तू काढून घेणार? ती पळून यायची म्हटली तर येईल कुठे?"

मी तो कागद फाडला. आता असे लिहिते:

हे घर, दुकान आणि त्यातले सर्व सामान मी गुंडी आणि काज या दोघींना समान देते. त्यांची लग्ने झालेली असोत वा नसोत, कोणी लावलेली असोत, कितव्याही वर्षी लावलेली असोत. कोणत्याही कागदावर त्यांनी हक्क सोडल्याची सही किंवा अंगठा असला, तरी दोघी एकवीस वर्षांच्या होईपर्यंत तो मानू नये. तोवर घराची व्यवस्था नर्सबाईने पाहावी. वडील, नवरा, सासरा, मंडळ, यांपैकी कोणालाही पालक म्हणून या घरात शिरता येणार नाही, ते विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही.

वरच्या खोलीत दोन अंथरुणे कायम घातलेली असावीत. भाडेकरू ठेवला तर खाली ठेवावा. दोघींपैकी कोणी कधीही, कोणत्याही अवस्थेत, पोटुशी असो की कडेवर मूल असो, या दारात आली तर काहीही न विचारता आत घ्यावे आणि आधी आतून कडी लावावी. विचारपूस नंतर.

७. बाकीचे

माझी शिल्लक नातींच्या शिक्षणासाठी नर्सबाईच्या ताब्यात द्यावी. गुंडीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचे आहे. काजला काय व्हायचे ते रोज बदलते. तिला बदलू द्यावे.

मोठी कात्री नर्सबाईला. तिला शिवता येत नाही, पण जवळ असू दे.

चष्मेवाल्याने काच फुटल्यावर कोणी न सांगता दुकानाला फळी ठोकली आणि तोही बदनाम झाला. त्याला यजमानांचा चांगला कोट मी माझ्या हाताने आधीच दिला आहे, तो या कागदात धरू नये. खांद्यात थोडा सैल होईल. मी असेपर्यंत येऊन गेला तर बसवून देईन.

गादीवाल्याच्या बायकोचे तागे न कापता परत केले आहेत, पोच घेतली आहे. ती वीस वर्षे मला कमरेचे माप खोटे सांगते आणि मी दर वेळी गुपचूप दोन बोटे सैल शिवते. यापुढे तिने दुसरा टेलर पाहावा, तो खरे शिवेल. पण एक सांगते: तिचे स्वतःचे लग्न बाराव्या वर्षी झाले. एकदा माप देताना आरशात बघत ती म्हणाली होती, "मला भातुकली सोडून उठवलं होतं हो." मी वर पाहिले तर तिने लगेच कॉलरचा विषय काढला. हे विसरून ती ज्या हाताने गोण्या उचलते, त्या हाताला माझ्या मयतीत फूल टाकू देऊ नये.

८. माझ्या मरणाबद्दल

मी आजारी पडून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेले तर काही प्रश्न नाही. पण मी जिन्यावरून पडून गेले, पाय घसरून गेले, झोपेत गेले, दुकानाला आग लागून गेले, किंवा "वेळ भरली होती" असे कोणी सांगितले, तर सरकारी दवाखान्यात तपासणी झाल्याशिवाय माझा देह हलवू नये. जिन्याचा कठडा मी मिस्त्रीकडून पक्का करून घेतला आहे. तो सैल सापडला तर कोणीतरी सैल केला असे समजावे.

माझ्या देहापाशी प्रवचन होऊ नये. चार माणसे जमली नाहीत तरी चालेल.

९. सुनेबद्दल

या जागी एक कलम होते. त्यात मी सुनेला माझी मशीन आणि मागची खोली दिली होती, तिच्या हयातीपर्यंत, तिच्या एकटीच्या नावे. ते कलम आज दुपारी काढून टाकले आहे. कारण लिहून ठेवणे भाग आहे.

नर्सबाई आणि चष्मेवाला आले होते. नर्सबाई स्वतः व्यवस्थापक, तिने साक्ष दिली तर लोक बोट ठेवतील, म्हणून दुसरा साक्षीदार हवा होता. तो कबूल होऊन ऐन वेळी आला नाही; त्याच्या बायकोने निरोप पाठवला की त्याला बरे नाही. आम्ही तिघे बसून होतो तेवढ्यात मागच्या दाराने सून आली. घरी दात दुखतो म्हणून सांगून निघाली होती. धाप लागलेली.

"आई, सही कोण करणार?" तिने विचारले.

"बघतोय कोणीतरी."

"मी करते."

नर्सबाईने तिला समजावले की जो साक्षीदार असतो त्याला त्याच कागदातून काही मिळू शकत नाही. मशीनही नाही, खोलीही नाही. आणि सही सगळ्यांना दिसेल. नवऱ्याला, प्रवचनकारांना, सगळ्यांना.

"दिसू दे," सून म्हणाली. "झगा गोणीत टाकला तेव्हा वाटलं, सासूबाई काय ते बघतील, माझं नाव येणार नाही. ते कलम काढा."

मी म्हटले, "अगं, मग तू जाशील कुठे? घाई काय आहे? दुसरा साक्षीदार उद्या मिळेल."

"उद्या नाही." ती खाली बसली. "आज सकाळी गादीवाल्याच्या बाई घरी आल्या होत्या. थोरली सापडत नाही तर शब्द मोडायचा नाही म्हणाल्या. वखारवाले थांबायला तयार आहेत. आता नुसता विधी करून ठेवायचा, मुलगी पुढे पाठवायची. त्यांनी काजला खुर्चीवर उभं केलं आणि टेप लावला. ती हसत होती, आई. तिला गुदगुल्या होत होत्या."

नर्सबाईने फोन हातात घेतला.

मी तिला म्हटले, जाऊ नकोस, आपण चौघे मिळून जाऊ आणि काजला आणू. ती म्हणाली, "चौघे दिसलात तर ते तिला आधीच हलवतील. मी एकटी गेले तर दातवाल्याकडून आले असं वाटेल. मला तिच्याजवळ जाऊ द्या. संधी मिळाली की घेऊन निघते." चष्मेवाला लांबून तिच्या मागे जाणार आहे. नर्सबाई मोठ्या शहरातल्या बालकल्याण कचेरीला फोन लावते आहे. तिथे अजून कोणी उचलत नाही.

हे लिहीत असताना सून माझ्यासमोर बसली आहे आणि पदराने तळहात पुसते आहे, सही फिसकटू नये म्हणून. ती मला एकदाच म्हणाली, "लवकर लिहा." म्हणून इथे थांबते.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांसमोर मी सही करते, आणि ते माझ्यासमोर व एकमेकांसमोर करतात.

ठिकाण: माझे दुकान, मागचे दार उघडे ठेवून.
दिनांक: सोहळ्याच्या आधीचा शुक्रवार, दुपार.

मृत्युपत्र करणारी: टेलरबाई (सही)

साक्षीदार पहिला: चष्मेवाला, शेजारचे दुकान (सही)

साक्षीदार दुसरी: सून, गुंडी आणि काज यांची आई. या मृत्युपत्रातून हिला काहीही मिळत नाही. (सही)